अळंबी तुमची, साक्षीदार मी

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या मश्रूमवरून जुंपली आहे. एकाने मश्रूम कॉफी आणि रेशी नावाच्या अळंबीच्या गोळ्या विकायला घेतल्यात. मधुमेह, गुडघे, केस गळणं, सगळ्यावर एकच डबी. पुरावा काय, तर ‘जपानमध्ये हे कॅन्सरवर सरकारमान्य औषध आहे’. दुसरा पेशाने डॉक्टर. त्याच्या मते सगळं थोतांड. तिसरीने लसूण-कांद्याबरोबर कवकंही निषिद्ध सांगणारा मनुस्मृतीतला श्लोक टाकला, तर चौथा म्हणाला, आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं. मग सगळ्यांना माझी आठवण झाली. तू जपानला असतेस ना, सांग.

सांगते, पण कुणालाच आवडायचं नाही.

‘सरकारमान्य’ हे खरं आहे. कावाराताके नावाची, कुजक्या ओंडक्यांवर थराथरांनी वाढणारी अळंबी असते. तिच्यापासून काढलेल्या क्रेस्टिनला १९७७ साली इथे कॅन्सरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. शिताके या खायच्या अळंबीतून काढलेलं लेंटिनान १९८५ साली आलं, पोटाच्या कॅन्सरसाठी, केमोथेरपीच्या जोडीला, आणि तेही इंजेक्शन. ऐंशीच्या दशकात क्रेस्टिन धो धो खपलं. मग १९८९ मध्ये फेरतपासणी झाली आणि त्याच्या वापरावर मर्यादा आल्या. आज दोन्ही औषधं इथल्या बाजारातून गेली आहेत. डॉक्टरसाहेब, म्हणजे थोतांड नव्हतं. आणि गोळीवाल्या, शुद्ध करून केमोथेरपीच्या जोडीला द्यायच्या अर्काचं श्रेय तू वाळवून दळलेल्या भुकटीला कुठल्या तोंडाने देतोस? तुझ्या डबीवर रेशीचं चित्र आहे. आत अळंबीची टोपी दळली आहे की धान्यावर वाढवलेलं बुरशीचं जाळं धान्यासकट दळलंय, हे कुठे लिहिलंय? विचारून झालं. उत्तर नाही, फक्त हात जोडलेली इमोजी.

मला खरा राग येतो तो याचा, की जपानचं नाव घ्यायचं आणि जपान काय करतो ते बघायचं नाही. मागे माझी भूक मेली होती तेव्हा स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये रिक्कुन्शितो हे पारंपरिक जपानी औषध लिहून दिलं. त्यात बुकुर्यो असतं, पाइनच्या मुळांवर जमिनीखाली गड्डा धरणारी बुरशी. लिहून देणारी डॉक्टर रीतसर मेडिकल कॉलेजात शिकलेली. तीच अँटिबायोटिकही लिहिते. पुड्या मोजून मिळाल्या, जेवणाआधी घ्यायच्या, ओकुसुरी-तेचोत, म्हणजे औषधांच्या नोंदवहीत, स्टिकर लागला आणि तीस टक्के पैसे मी भरले. आपल्याकडे आयुर्वेद की अ‍ॅलोपथी यावर घरं फुटतात. इथे दोन्ही एकाच प्रिस्क्रिप्शनवर येतात आणि कुणाचा धर्म बुडत नाही.

बाकी अळंबी इथे स्वयंपाकघरात असतात. ओइता प्रांतातलं डोंको, म्हणजे जाड टोपीचं वाळवलेलं शिताके, रात्री गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं; सकाळी ते तपकिरी पाणी फेकलं तर शेजारीण मला कायमची वाळीत टाकेल. सगळी चव त्यातच. त्यातल्या ग्वानिलिक आम्लामुळे ती येते, हे इथेच १९५७ मध्ये कळलं. उन्हात वाळवलेल्या शिताकेत ‘ड’ जीवनसत्त्व असतं, तंतू असतात. पाकिटावर मात्र ‘कॅन्सर पळवा’ असं काही नाही. तसं लिहिणं गुन्हा आहे. आगारिकुस अळंबीने कॅन्सर बरा होतो असं सांगणारी पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनातल्या लोकांना २००५ मध्ये अटक झाली होती. आणि हो, शिताके अर्धकच्चं खाल्लं तर काहींच्या पाठीवर चाबूक ओढल्यासारखे लाल वळ उठतात. हे कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर डॉक्टरमित्राने थंडपणे एक बातमी चिकटवली. ‘तुमच्या जपानमधली’ बेनी-कोजी: तांदळावर वाढवलेली लाल बुरशी, कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या, नामांकित कंपनी. मार्च २०२४ मध्ये कळलं की लोकांच्या किडन्या बिघडल्यात. कारखान्यात दुसरीच बुरशी मिसळली होती, आणि जानेवारीत आलेल्या तक्रारी कंपनीने मार्चपर्यंत बाहेर येऊ दिल्या नव्हत्या. मी तडकाफडकी उत्तर लिहिलं: निदान माल परत मागवला, कारण शोधलं, तुमच्याकडे कुणी शोधलं असतं का? लिहिता लिहिता माझाच मला राग आला. या देशाची वकिली करायला मला कुणी नेमलंय? वॉर्ड ऑफिसच्या फॉर्मवर माझं नाव अजून रकान्यात मावत नाही.

आणि इथले लोक तरी कुठे वेगळे? बोनेनकाईच्या, म्हणजे वर्षअखेरीच्या पार्टीच्या, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून उकोनच्या बाटल्या भराभर उचलल्या जातात. उकोन म्हणजे हळद, दारू बाधू नये म्हणून. एका सहकाऱ्याने मला आदराने विचारलं, भारतात पिण्याआधी किती हळद घेतात? आमच्या घरात पिणारे होते ते हळद घेत नव्हते आणि हळद घेणारे पीत नव्हते. पण टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी चमच्याचं माप सांगून टाकलं.

कोकणातलं फणसअळंबं ग्रुपवर कुणाला आठवलंसुद्धा नाही, त्याला ना जपानी नाव ना डबी. जुन्या फणसाच्या खोडावर येतं, लाकडाहून कठीण. सहाणेवर पाण्यात उगाळायचं आणि बाळाची लाळ गळत असेल, तोंड आलं असेल तर बोटाने आतून लावायचं. माझ्या लेकीला दात येत होते तेव्हा आईने सामानात त्याचा तुकडा कागदात गुंडाळून दिला होता. इथल्या बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, लाळ आपोआप थांबेल, काही लावू नका. मी नाही लावलं. फोनवर आईला मात्र ‘रोज लावते’ म्हणत राहिले. यथावकाश दात आले, लाळ थांबली. आईने शेजारच्या सुनेलाही फणसअळंबं नेऊन दिलं. नातीला टोकियोत गुण आलाय म्हणून.