मावेल तेवढं

लेकीचा जर्मनीहून फोन आला की आधी तब्येत, मग तिथली थंडी आणि शेवटी खरं काम, असा क्रम असतो. त्या रविवारी तिनं क्रमच मोडला. "आई, आजीला विचार ना, धोंडसात गूळ किती ग्रॅम घालते?"

सासूबाई शेजारीच बिरड्याचे वाल सोलत होत्या. वालावरची नजर न काढता म्हणाल्या, "मावेल तेवढा."

"मावेल तेवढा म्हणजे किती, आजी?"

"अगो, मावेनासा होईपर्यंत."

लेक शिकते आखेनला. तिच्या वसतिगृहात सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आहे आणि तिथल्या मुलांनी ठरवलं होतं की प्रत्येकानं आपापल्या घरचा केक करायचा. आपल्या घरचा केक कुठला, असा प्रश्न पडल्यावर तिला आजीचं धोंडस आठवलं. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोकणात पावसाळ्यात मोठी, पिकून पिवळी पडलेली काकडी मिळते, ती तवसं. ते किसायचं, त्यात गूळ, तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, ओलं खोबरं, वेलची घालायची आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात. अव्हन हा शब्दही ठाऊक नसलेल्या बायका हे करत आल्या आहेत, त्यामुळे 'आपल्याकडे केक कुठे होता' असं कुणी म्हटलं की सासूबाई दुखावतात.

तर हे ग्रॅममध्ये लिहून पाठवायचं काम माझ्यावर आलं. बेकिंगमधला माझा इतिहास पाहता ही निवड चुकीचीच होती.

माझ्या माहेरी, सांगलीला, अव्हन नव्हता, वाळू होती. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथल्या मुकादमाला विचारून आईनं दोन तांबे वाळू आणली, चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली आणि 'केकची वाळू' अशी चिठ्ठी लावून डब्यात भरली. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला वाळू पसरायची, त्यावर ताटली आणि ताटलीवर केकचा डबा. केक होईपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असाही नियम होता. तो पाककृतीतला होता की आईचा स्वतःचा, ते मी अजून विचारलेलं नाही. एका दिवाळीत भावानं ही वाळू परस्पर किल्ल्याला वापरली. महाराजांच्या सिंहासनापुढे ऐसपैस पटांगण केलं आणि हिरवळ यावी म्हणून त्यात मोहरी पेरली. दिवाळीनंतर वाळू गुपचूप डब्यात परत गेली. माझ्या वाढदिवसाला आईनं कुकर गॅसवर ठेवला आणि दहाव्या मिनिटाला आतून तड तड आवाज यायला लागला. न उगवलेली मोहरी तापली होती. फोडणी दिलेला केक खाल्लेली मी सांगली जिल्ह्यातली बहुधा एकटीच.

मे महिन्यात नानकटाई व्हायची, पण ती घरी नाही, बेकरीत. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर असं सगळं घरून न्यायचं. दुपारी पावाचं काम उरकलं की बेकरीवाला किलोच्या हिशोबानं भाजून द्यायचा. भट्टीसमोरच्या बाकावर आम्ही रिकामे डबे मांडीवर घेऊन बसायचो. कुणाचे पत्रे कुठले हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण असे. आमची खूण म्हणजे प्रत्येक नानकटाईवर बरोब्बर एक चारोळी. एका वर्षी घरी येऊन डबा उघडला तर वर चारोळी, पण आईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि खालीच बसली. "ही आपली नव्हे. यात डालडा आहे." म्हणजे चारोळी लावणारं दुसरंही घर गावात होतं आणि आमच्या साजूक तुपाच्या चार किलो नानकटाया ते लोक त्या क्षणी खात होते. आईनं त्यानंतर कित्येक वर्षं गल्लीत कुणाकडेही नानकटाई समोर आली की आधी वास घेतला, मग यजमानांच्या तोंडाकडे पाहिलं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले तर इथे सासूबाईंची नानकटाई 'बिघडलेली'. का, तर वाटी गेली. राजापूरच्या घराची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या मापाची पितळी वाटी मोठ्या जाऊबाईंकडे गेली. घरासमोरची चार कलमंही तिकडेच गेली, पण त्याचं त्यांना काही नाही. "अरे, प्रमाण तेच आहे ना? एक वाटी तूप, एक साखर, दोन मैदा. मग वाटी कुठलीही असली तरी काय फरक पडतो?" असं नवऱ्यानं एकदा गणितानं सिद्ध करून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सोडा वाटीनं घालतात होय रे?"

या प्रश्नाचं खरं मोल मला पुढे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा अव्हन, घेतल्यावर कळलं. पहिल्याच केकला बेकिंग पावडर संपली होती म्हणून मी तेवढाच खायचा सोडा घातला. पावडरीत सोड्याबरोबर आम्लही असतं, नुसत्या सोड्याला ते आपण दही किंवा व्हिनेगरमधून द्यावं लागतं, शिवाय सोडा लागतो तिच्यापेक्षा पुष्कळ कमी, हे ज्ञान मला केक खाल्ल्यानंतर झालं. साबणाची चव होती. धाकट्यानं एक घास खाऊन विचारलं, "आई, हा खायचा आहे की याने हात धुवायचेत?" दुसरा केक फुगला, पण फुगतोय का हे बघायला घरातला प्रत्येक माणूस येता-जाता दार उघडत होता. आतला गाभा आळायच्या आधीच गार हवा लागली आणि केक मधोमध असा बसला की त्यात आमटी वाढता आली असती.

असो. धोंडसाचा दिवस ठरला. भाच्यानं राजापूरहून एस.टी.तून तवसं पाठवलं. नवरा कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे वजनकाटा कपाटातून काढल्यावर आधी त्याची परीक्षा झाली. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवली. काट्यानं ५१७ दाखवले. मी म्हटलं, बिघडला. तो म्हणाला, "दुधाची घनता १.०३ असते, वर पिशवीचं वजन. काटा बरोबर आहे." मग मला बजावलं की भांडं ठेवलं की आधी झिरो करायचं. दिवसभर त्या घरात 'झिरो केलंस का?' एवढंच ऐकू येत होतं.

तवसं १,८४० ग्रॅम. सासूबाईंनी देठाकडचा तुकडा कापून चाखला, कडू नव्हता. (हा तुकडा ९ ग्रॅम, तोही लिहिला.) साल, बिया काढून कीस ११२० ग्रॅम. इथवर सगळं सुरळीत होतं. मग रव्याचा डबा उघडला आणि सासूबाईंनी मूठ भरली.

"अहो आई, थांबा! काट्यावर."

"हातातलं काय पळून जातंय?"

पहिली मूठ ६२ ग्रॅम, दुसरी ५८, तिसरी ७१. नवरा दारातून म्हणाला, "आई, व्हेरिएशन फार आहे."

"तुला न्हाऊ घातलं ते पाणी मोजलं नव्हतं. वाढलास ना?"

यानंतर त्यांना त्या काट्याची मजाच वाटायला लागली. मूठ टाकायची, आकडा बघायचा, बोटभर परत काढायची, पुन्हा बघायचा. रव्याला वर्गात उभं करून पाढे विचारावेत तसं चाललं होतं. मधेच गूळ किसताना त्यांना त्यांच्या सासूबाईंची आठवण झाली. त्या म्हणे धोंडस चुलीवर ठेवून वर झाकणात सोडणांचे आणि करवंट्यांचे निखारे घालत आणि तिकडे पाठ करून सरळ जपाला बसत. गोष्ट रंगली, जप संपला, नातलगांची दोन लग्नं आणि एक भांडण झालं आणि तेवढ्यात काटा आपोआप बंद पडला. पुन्हा चालू केला तर परातीत किती गूळ पडला होता ते तो साफ विसरलेला. परात रिकामी करा, परात ठेवा, झिरो करा, गूळ परत घाला. सासूबाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा माझी स्मरणशक्ती बरी."

कीस आणि गूळ शिजायला लागला तशी मला मावेल तेवढं म्हणजे काय ते पहिल्यांदा दिसलं. तवश्याला पाणी सुटतं आणि ते दर तवश्याला वेगळं. सासूबाई एका हातानं ढवळत होत्या, दुसऱ्या हातानं भाजलेला रवा सोडत होत्या आणि बघत होत्या कालथ्याकडे. कालथा जड झाला की हात थांबला. काट्यावर चार मुठी मोजून ठेवल्या होत्या, त्यातल्या साडेतीनच गेल्या. उरलेल्या अर्ध्या मुठीचं वजन वजा करून मी लिहिलं, तर नवरा म्हणे, "कालथ्याचा टॉर्क मोजता आला असता तर..." त्याला खोबरं खवायला बसवलं. खोबरं ९० ग्रॅम, वेलचीपूड २ ग्रॅम, मिठाची चिमूट ० ग्रॅम, काजू ४० ग्रॅम, तूप पातेल्याला लागलं ते धरून ८५. पातेल्याच्या तळाशी हळदीची दोन पानं. कागद भरला. मी मनात म्हटलं, आता जर्मनच काय, कुणीही करून दाखवावं.

भाजण्याचा प्रश्न राहिला. ओटीजी १८० अंशावर, गजर ४५ मिनिटांचा. मी विचारलं, "आई, तुमच्याकडे किती वेळ लागायचा?"

"वेळ कोण बघतंय? मामंजी पडवीत पंचांग घेऊन बसलेले असायचे. त्यांनी मान वर केली की झालं."

आता हे कसं लिहायचं? 'सासरे मान वर करेपर्यंत' असं मी कंसात लिहिलं आणि खोडलं. लेकीचं अजून लग्न व्हायचं आहे.

गजराची ११ मिनिटं उरली होती. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली. "अगं, काहीतरी खरपूस वास येतोय."

"काढ," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, अजून अकरा मिनिटं..."

"काढ गो."

काढलं. सासूबाईंनी खराट्यातून नव्हे, नव्या झाडूतून वेगळी काढून ठेवलेली हिराची काडी मधोमध खुपसली, कोरडी बाहेर आली. मग मी खुपसली, मग नवऱ्यानं दुसऱ्या बाजूला 'सॅम्पल' म्हणून, मग धाकट्यानं उगाच. ताटात काढेपर्यंत धोंडसाला अनारशासारखी जाळी पडली होती. चव मात्र अशी होती की जाळीबद्दल कुणी बोललं नाही. मी कागदावर '३४ मिनिटं' लिहिलं आणि फोटो काढून पाठवला.

पुढच्या रविवारी फोन. मागे भांड्यांचा आवाज, मुलांची गडबड. लेकीनं सगळं जमवलं होतं. तवसं नाही म्हणून हिरव्या लांबट काकड्या, रवा नाही म्हणून तांदूळ मिक्सरला लावून, गूळ भारतीय दुकानातून. पुढे कागदाबरहुकूम, ग्रॅमला ग्रॅम. "दिसायला सेम झालंय आजी, पण काहीतरी कमी आहे. माझ्या जर्मन मैत्रिणीनं एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, प्रीझ नाही घातलीस?"

"प्रीझ काय?" नवरा.

"चिमूट, बाबा. मिठाची. इथे कुठल्याही केकच्या रेसिपीत लिहिलेली असते. आईच्या कागदावर मीठ ० ग्रॅम आहे."

घरात शांतता पसरली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे बघितलं.

"अगं, त्यानं झिरोच दाखवलं होतं," मी म्हटलं.

सासूबाई उठल्या. मिठाच्या बरणीतून चिमूट भरून आल्या आणि फोनच्या काचेसमोर धरली. "ही बघ. एवढी."

"आजी, नुसती बोटं दिसतायत. उघड ना."

त्यांनी चिमूट उघडली. मीठ फोनवर सांडलं.

नवऱ्यानं काचेवरचा कण न कण कागदावर झटकून घेतला, पुडी बांधली आणि पायात चपला सरकवल्या. "कोपऱ्यावरच्या सोनाराकडे मिलिग्रॅमचा काटा आहे. दोन मिनिटांत आलो."

"ये मोजून," सासूबाई वालांकडे वळत म्हणाल्या. "पण कशासाठी ते त्याला सांगू नकोस हो."