कंडक्टरला मराठीत बोलायला सांगितले आहे

आज दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, कंडक्टरला मराठीत बोलायला सांगितलंय," असे म्हणून ती हसली. मला हसू आले नाही. दोनदा चहा झाला तरी राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ती दिवसभर नोकरी करते आणि रात्री लिहिते. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तिने आपली पहिलीच कादंबरी लिहिली आहे, हाताने लिहिलेली १४० पाने. सहावीतला एक मुलगा आजीला घेऊन बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर येतो. आजीला हलशीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचे असते. तिला कन्नड वाचता येत नाही, नातवाला शाळेमुळे येते. पण घाईत तो पाटीवरची पहिली दोनच अक्षरे वाचतो, कंडक्टर "मुंद होगरी, मुंद होगरी" करत दोघांना आत रेटतो, आणि हलशीऐवजी ती दोघे हलग्याला, थेट कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्णसौधासमोर उतरतात. आजीच्या हातात बायकांच्या मोफत प्रवासाचे शून्य रुपयांचे तिकीट, नातवाच्या हातात अर्धे, आणि नारळाची पिशवी. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या एका दिवसातली परतीची वाट.

महाराष्ट्रातल्या एका प्रकाशकाने सहा महिने हस्तलिखित ठेवून घेतले आणि आज निरोप दिला. कन्नड शब्द काढा, तिकडच्या मुलांना कळणार नाहीत. गावांची नावे बदला. ४८ पानांत बसवा, चित्रे आम्ही घालू. छपाईच्या खर्चात थोडा वाटा तुम्ही उचला.

आता बसची पाटी मराठीत केली तर तो मुलगा चुकणार कसा, आणि मुलगा चुकलाच नाही तर कादंबरी उरते कुठे, एवढे तरी निरोप देणाऱ्याच्या लक्षात यायला नको का? पाट्या मराठीतही असाव्यात ही आपली मागणी जुनी आहे आणि मी ती सोडलेली नाही. पण ती मागणी मोर्चात करायची. सहावीतल्या मुलाच्या गोष्टीतून खरी पाटी पुसून ती पुरी झाल्याचे समाधान मला नको आहे.

गेल्या जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना, शनिवारच्या शेवटच्या तासाला मी हे हस्तलिखित आमच्या सहावीला वाचून दाखवले. एकोणीस मुले. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा एरवी खिडकीबाहेरच बघत असतो. बसमध्ये चढण्याचा प्रसंग आला आणि तो एकदम म्हणाला, "सर, कंडक्टर असं कुठं म्हणतोय?" मी थांबलो. त्याच्याकडून वर्षभरात आलेला तो पहिला प्रश्न होता.

प्रकाशकाला बाजूच नाही असे मी म्हणत नाही. कागद महाग आहे आणि नव्या नावाचे पुस्तक दुकानदार मागच्या फळीवर ढकलतो, हे कबूल. पण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता. आम्ही बेळगावच्या मुलांनी फुरसुंगी कधी पाहिली होती? तरी त्याच्या सायकलमागे आम्ही धावलोच ना? फुरसुंगी कुठे आली म्हणून आम्ही पुस्तक मिटले नाही. मग पुण्याच्या मुलाला हलगा आणि हलशी जड जातील, हे कोणी ठरवले? कोणा मुलाला विचारले होते का?

इंग्रजीत आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी वेगळी फळी असते आणि तिथे पहिल्या पुस्तकाकडे डोळे लावून बसणारी माणसेही असतात. ब्रिटनमध्ये २००० सालापासून मुलांसाठीच्या पहिल्या कादंबरीला ब्रॅनफर्ड बोस नावाचा पुरस्कार देतात, आणि तो लेखकाबरोबर त्याच्या संपादकालाही देतात. पुरस्काराचे नावसुद्धा एका लेखिकेचे आणि एका संपादिकेचे मिळून आहे. हे वाचले तेव्हा मला हेवा वाटला तो पुरस्काराचा नव्हे, संपादकाचा. कारण माझ्या विद्यार्थिनीच्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात आजी पानभर उपदेश करते आणि तिथे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी जांभया दिल्या. तो उपदेश कापायलाच हवा. सहा महिन्यांत तो कापायला कोणी सांगितले नाही. कापायला सांगितले ते कंडक्टरचे शब्द.

आणि आपण तरी काय करतो? १९४६ च्या बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अजून अभिमानाने सांगतो. कडोलीपासून येळ्ळूरपर्यंत गावोगावी संमेलने भरवतो, ग्रंथदिंडी काढतो, आणि प्रत्येक वक्ता "मुलांनी वाचले पाहिजे" म्हणून टाळ्या घेतो. त्यातल्याच एका व्यासपीठावर या मुलीला "आधी मुलांसाठी लिहून हात बसवा, मग मोठ्यांसाठी लिहा," असा सल्ला मिळाला होता. मी समोर बसलो होतो आणि काही बोललो नाही.

पुरता खरेपणा करायचा तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या शनिवारी तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हटकले ते तिला नव्हे, मला. तिच्या पानावर "मुंद होगरी" असेच होते. वाचताना मराठीच्या तासाला कन्नड कशाला, असे वाटून मीच "पुढे सरका" असे केले होते. त्या प्रकाशकाइतकाच मीही शहाणा. त्या मुलाने विचारले, मी पुन्हा पान पाहिले आणि आहे तसे वाचले. सगळा वर्ग "मुंद होगरी" म्हणून ओरडला, शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि तो मुलगा तास संपेपर्यंत खिडकीकडे वळला नाही.

ती आज विचारत होती, "सर, बदलू काय? पहिलंच पुस्तक आहे, तेवढं छापून तरी येईल." मला लगेच "नको" म्हणता आले नाही, सहा महिने वाट तिने पाहिली आहे, मी नाही. शेवटी मी तिला एवढेच म्हणालो की तिसऱ्या प्रकरणातला उपदेश काढ आणि ते पान घेऊन शनिवारी शाळेत ये. ती मुले आता सातवीत आहेत. तिसऱ्या बाकावरचा तो आता पहिल्या बाकावर बसतो आणि पुस्तक कधी येणार म्हणून मला दर आठवड्याला विचारतो. त्याला काय उत्तर द्यायचे ते तिनेच येऊन द्यावे.