छावणीतली माणसं घरी गेली होती

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मजकूर आला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. थोडक्यात असा: १९७१ मध्ये आपण पूर्व बंगालच्या एक कोटी निर्वासितांना फुकट खाऊ घातलं आणि ते कायमचे इथेच राहिले. निर्वासितांना एकदा खायला घातलं की ते हलत नाहीत. त्यांना जायचं असतं श्रीमंत देशांत, हातात महागडे फोन असतात, आणि युद्धग्रस्तांना दिलेली मदत म्हणजे पैसा पाण्यात.

पहिलंच विधान सपशेल खोटं आहे आणि बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

मार्च १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. डिसेंबरपर्यंत भारतात आलेल्यांची सरकारी नोंद ९९ लाखांच्या घरात गेली. एकट्या त्रिपुरात, जिथली लोकसंख्याच १५ लाखांच्या आसपास, तिथे १४ लाख माणसं आली. त्यांच्यासाठी पाच पैशांचं जादा तिकीट पाकिटावर डकवायचं, हे आपल्याकडच्या सत्तरीतल्या कुणालाही आठवेल. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. फेब्रुवारी १९७२ संपेपर्यंत ९० लाखांहून अधिक माणसं परत गेली होती. निघताना त्यांना दोन आठवड्यांचा शिधा बांधून दिला होता. २५ मार्चला भारत सरकारचा अंदाज होता की उरलेत फक्त ६० हजारांच्या आसपास. म्हणजे कित्येक महिने छावणीतलं खाल्लेली माणसं लढाई थांबताच अडीच महिन्यांत आपल्या गावी गेली.

‘मग गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं कुठून आली?’ हे ग्रुपवर विचारलं गेलंच. प्रश्न रास्त आहे. त्यातली बहुतेक कुटुंबं आधीची, १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली; सरकारनेच त्यांना जमिनी देऊन वसवलं. त्यानंतर सीमेपलीकडून होत राहिलेलं स्थलांतर हा वेगळा वाद आहे. तो जरूर घाला, पण त्याचं खापर एकाहत्तरच्या छावण्यांवर फोडू नका.

‘पैसा पाण्यात’ वाचून मात्र हसू आलं. कारण त्या वर्षीची सगळ्यात मोलाची मदत खरोखरच पाण्यात घातली होती. सीमेलगत बनगावच्या इस्पितळात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पडून होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत चाललं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात विरघळवला, पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. हे औषध नवीन नव्हतं, पण डॉक्टर-परिचारिकांशिवाय घरची माणसंही ते देऊ शकतील, यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज आशाताई जुलाब लागलेल्या पोरासाठी जलसंजीवनीची पुडी देतात, ती याच पिंपांतून आपल्या घरापर्यंत पोचली.

श्रीमंत देशांचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा २०२४ अखेरचा हिशेब असा: ७३ टक्के निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ६७ टक्के अगदी शेजारच्या देशात. सुदानच्या डार्फूर भागातून पळालेली बाई शेजारच्या चाडमध्ये पोचते, पॅरिसमध्ये नाही. आणि फोन? असतात की. घर सोडताना भांडीकुंडी नेता येत नाहीत, फोन खिशात मावतो. ताटातूट झालेल्या भावाचा ठावठिकाणा त्यावरच लागतो, कित्येक ठिकाणी मदतीची रक्कमही त्यावरच जमा होते.

आता ‘फुकट खाण्याचा’ भावही पाहू. बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत रोहिंग्यांना दरडोई महिन्याला १२ डॉलरचं अन्न मिळत असे. पैसे आटले, तसे २०२३ मध्ये त्याचे आधी १० आणि मग ८ डॉलर झाले. दिवसाला बावीसेक रुपये, म्हणजे एक वडापाव आणि वर थोडी चिल्लर. मजकुराचं म्हणणं खरं असतं, तर ताट रिकामं होताच ती माणसं म्यानमारला चालू लागायला हवी होती. तसं झालं नाही. तिकडे त्यांना नागरिकत्व नाही आणि राखाइन या त्यांच्या मूळ प्रांतात पुन्हा लढाई पेटलेली. आधी सांभाळून ठेवलेला शिधा संपला, मुलं आणखी अशक्त झाली, एवढाच काय तो फरक पडला.

मदतीत गळती होते, मधले लोक हात मारतात, हे मला मान्य आहे. तेवढंच लिहिलं असतं, तर मीही पुढे पाठवलं असतं.

राहता राहिले हा मजकूर टाकणारे आमचे मामा. मामा, कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ते निघून गेले. मग फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथल्या बराकींत आली. ती मात्र राहिली, कारण परतायला जागाच उरली नव्हती. त्या छावणीचं आजचं नाव गांधीनगर. ताईच्या लग्नाचा बस्ता तुम्ही तिथेच बांधला होता.