घरातल्या म्हाताऱ्यांना ऑनलाइन कसं आणावं

घरात आई, मावशी, आत्या असं कोणी साठीपुढचं असेल आणि तिला 'कनेक्टेड' ठेवायचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं असेल, तर नीट वाचा.

आधी आपला काच तडकलेला जुना फोन तिला द्या. बॅटरी दुपारपर्यंत टिकली तरी पुष्कळ, म्हातारी जाणार कुठे?

शिकवताना फोन तिच्या हातात ठेवायचा नाही. "दे गं इकडे" म्हणून ओढून घ्यायचा, तीन सेकंदांत सहा ठिकाणी बोटं मारायची आणि विचारायचं, कळलं ना? नाही म्हणाली तर सुस्कारा सोडायचा, तिला ऐकू जाईल असा.

फ्रॉडबद्दल "कुठे क्लिक करू नकोस" एवढंच सांगा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, पैसे गेले तर लगेच १९३० हा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर लावायचा, हे सांगण्यात उगाच अर्धा मिनिट जातो.

गुड मॉर्निंग आलं की म्यूट.

आता मुख्य. फॅमिली ग्रुप दोन ठेवायचे, एक सगळ्यांचा आणि एक फक्त कझिन्सचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात १०२४ माणसं मावतात हो, मावशी तेवढी मावत नाही. ह्या चतुर्थीला मी गुडघे धरत फोंड्याच्या बाजारातून कांगलां (रानफळं), सुपारीचं शिपटं (घड) सगळं आणलं, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधून घेतली आणि फोटो टाकला. फोटोत अर्धा माझा अंगठा आला, मान्य. अकरा जणांनी पाहिला (कोणी पाहिला ते कसं बघायचं हे माझं मीच शिकले), उत्तर एकाचं नाही. संध्याकाळी भाचीने चुकून आमच्याच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, त्यात माझा फोटो, खाली "मावशीचं अंगठादर्शन" आणि दात काढणारी तोंडं ओळीने. मिनिटभरात डिलीट फॉर एव्हरीवन. पण मी चष्मा लावूनच बसले होते ना गं!

लाजा नाही वाटत? तिघे दुबईला, एक कॅनडात, एक इथेच गोव्यात पर्वरीला, आणि तो पर्वरीवालाच सगळ्यात लांब. रोज पहाटे फूल पाठवते ते फुलांची हौस म्हणून नाही रे, म्हार्दोळच्या ह्या घरात सकाळी माझ्याशी बोलायला पाववाला पोदेर सोडून कोणी नसतो आणि त्यालाही पुढची घरं असतात. तुमची शी-शू काढलेल्या बाईला एक 'छान' टाइप करायला बोटं झडतात?

आणि फोटो काढताना अंगठा कुठे धरायचा हे एकाने तरी दाखवलं होतं का मला?