बहुभाषिकतेवर संशोधन करायचंय? मग फॉर्म इंग्रजीतच ठेवा

बहुभाषिकतेवर पीएचडी करणारे, करू बघणारे, आणि गाइडनं विषय गळ्यात मारला म्हणून आता सुटका नसलेले, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. गेल्या आठवड्यात तुमच्यातलेच दोघं आमच्याकडे येऊन गेले, इंदूरला, रामबागेत. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. पण त्यांचं काम जवळून बघितल्यापासून मला या शास्त्रातलं बरंच कळायला लागलंय, तर म्हटलं चार लोकांना उपयोग होऊ दे.

सुरुवात संमतिपत्रापासून करा. ते चार पानी असावं, अक्षर मुंगीएवढं, आणि भाषा इंग्रजी. सही मात्र अशा बाईची घ्या जिची ऐंशी उलटलीय आणि जी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते पण इंग्रजी वाचत नाही. आमच्या सासूबाईंनी विचारलं, ‘यात लिहिलं काय आहे?’ उत्तर आलं, ‘काही नाही हो आजी, फॉर्मॅलिटी.’ प्रकल्प कशावर होता? भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत माहिती मिळते का, यावर.

शीर्षकात कोलन पाहिजेच. कोलनच्या अलीकडे काव्य, पलीकडे ‘मध्य भारतातील एक अभ्यास’.

फील्डवर्कचा पहिला फोटो पोहे-जिलेबीचा टाका. पोह्यांवर भुरभुरायचा तो इंदुरी मसाला, जीरावन, दिसला पाहिजे.

आता प्रश्नावली. पहिला प्रश्न ‘तुमची भाषा कोणती?’ आणि खाली ‘एकच पर्याय निवडा’. हे फार महत्त्वाचं आहे. विषय बहुभाषिकता असला म्हणून काय झालं, टॅबलेटला एकापेक्षा जास्त भाषा झेपत नाहीत. आमच्या सासूबाईंचं माहेर खरगोनचं, त्यामुळे भावंडांशी फोनवर निमाडी, घरात मराठी, भाजीवालीशी मालवी (तिच्याशी हिंदीत बोललं की भाव वाढतो असं त्यांचं ठाम मत आहे), शेजारच्या बेनशी गुजराती, आणि बाकी अख्ख्या दुनियेशी हिंदी. हे त्यांनी सगळं नीट सांगितलं, उदाहरणं देऊन, भाजीवालीची नक्कल करून सांगितलं. अहो, तुम्ही ज्याच्यासाठी रेल्वेचं तिकीट काढून आलात ना, ते सगळं समोर सोफ्यावर बसून बोलत होतं! आणि तो मुलगा म्हणतो, ‘आजी, प्लीज एक सांगा ना, नेक्स्ट दाबता येत नाहीये.’ जनगणनेच्या कागदावरसुद्धा मातृभाषेखाली आणखी दोन भाषांना जागा असते हो! तीनच्या पुढे तिथेही कोणी मोजत नाही, पण निदान तीन तरी लिहून घेतात. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘लिही बाबा, तुझ्या मशीनला जी चालेल ती.’ मशीनला हिंदी चालली. यादीत ती पहिली होती. आता उद्या कुठल्या तरी परिषदेत पडद्यावर गोल चार्ट झळकेल, की इंदूरच्या मराठी घरांमध्ये ज्येष्ठ पिढीसुद्धा हिंदीकडे वळलेली आढळते, आणि समोर बसलेले गंभीरपणे माना डोलवतील. वळलेली कोण? टॅबलेट वळलाय!

बरं, निमाडी आणि मालवी यादीत नव्हत्याच. ‘त्या हिंदीत येतात,’ म्हणे. येतात ना, जनगणनेत येतात. 2011 ला मालवी सांगणारे 52 लाखांवर आणि निमाडी सांगणारे 23 लाखांवर लोक होते, ते सगळे हिंदीच्या खात्यावर जमा आहेत. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनसाहेबानं शंभर वर्षांपूर्वी याच दोघींना राजस्थानीत बसवलं होतं. म्हणजे भाजीवाली जागची हलली नाही, तिची भाषा मात्र एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेली. यावर एखादा प्रश्न तुमच्या डोक्यात येत असेल तर तो दाबा, गाइड रागावतील. आणि हो, त्या साहेबानं निदान प्रत्येक बोलीत बायबलातल्या उधळ्या मुलाची एक अख्खी गोष्ट लिहून घेतली होती, तुमच्यासारखा टिकमार्क करून पळाला नव्हता.

मुलाखत चालू असताना समोरच्याची भाषा सुधारत राहा. जोडीला आलेली मुलगी महाराष्ट्रातलीच होती, चांगली मराठी बोलणारी. सासूबाई म्हणाल्या, ‘नातू आता बेंगलोरहून येऊन राहिला आहे.’ ही गोड हसून म्हणते, ‘आजी, येतोय म्हणायचं. तुमच्या मराठीत हिंदी खूप मिक्स झालीय ना!’ सासूबाई त्यानंतर जपून बोलायला लागल्या, पुस्तकातल्यासारखं. झालं, रेकॉर्डिंगची वाट लागली. उरलंसुरलं कचरागाडीच्या भोंग्यानं गिळलं. अगं बाई, तू भाषाशास्त्र शिकतेस की शाळा तपासायला आलीयस? सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा 1971 सालचा लेख आहे, तुझ्या विषयात ते नाव माहीत नसलेला माणूस मला तरी ठाऊक नाही. मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू एका गावात शतकानुशतकं शेजारी राहिल्या, शब्द आपापले ठेवले आणि वाक्यं मात्र एका साच्यात आणली. तिथं झालं तर जगभर गाजलेला शोध, आणि आमच्या हॉलमध्ये झालं तर भेसळ? होळकरांच्या वेळेपासून आम्ही मालव्यात आहोत, भाषा काय लोणच्यासारखी बरणीत घट्ट बंद करून ठेवायची होती?

21 फेब्रुवारीला मातृभाषा दिनाचा वेबिनार ठेवा. इंग्रजीत. ढाक्यात 1952 ला पोरं ज्या गोष्टीसाठी, म्हणजे आपल्या बंगाली भाषेच्या हक्कासाठी, गोळ्या खाऊन मेली तिच्यावर पंचेचाळीस मिनिटं, मग व्होट ऑफ थँक्स.

धोरणाचा प्रश्न शेवटी विचारा, चहा गार होत असताना. ‘तुमच्यावर हिंदी लादली जाते असं वाटतं का, एक ते पाच.’ महाराष्ट्रात 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, बोंबाबोंब झाली, जूनच्या शेवटी मागे घेतला, त्यावरून हा प्रश्न सुचला असणार. पण हे इंदूर आहे! इथे हिंदी कोण कोणावर लादणार, आम्ही भांडतोही हिंदीत. सासूबाईंनी ‘एक’ सांगितलं आणि ‘दुसरं काही विचार ना’ म्हणाल्या. दुसरं काही नव्हतंच फॉर्ममध्ये.

आणि इथेच माझं डोकं फिरलं, आता सल्ले पुरे. अरे, संविधानात 350अ नावाचं कलम आहे, 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. त्याच्याही आधी, 1949 ला, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत अशी 40 मुलं किंवा वर्गात 10 मुलं असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा. वर्गात दहा! माझ्या वर्गात मराठी मुलं त्याच्याहून कितीतरी जास्त होती. तीच शाळा आज इंग्रजी माध्यमाची आहे, मराठी फक्त वरच्या पाटीवर उरलीय. माझा मुलगा मराठी बोलतो फर्मास, पण आजीनं लिहिलेलं पत्र त्याला वाचता येत नाही, ते मला फोनवर वाचून दाखवावं लागतं. घरातला भाषाबदल बघायला आला होतात ना? मग हा बघा. तुम्ही विचारलंत का, की पोरं मराठी लिहायला शिकली कुठे? शिक्षक कधी गेला, त्याच्या जागी दुसरा का आला नाही, पालकांनी मागितला का, मागितला तर कोणी काय उत्तर दिलं? घरी कोणती भाषा बोलता, टीव्ही कोणत्या भाषेत बघता, देवाशी कोणत्या भाषेत बोलता, एवढं सगळं विचारलंत आणि शाळेचा एक प्रश्न नाही? आणि फॉर्मवर वर मोठ्या अक्षरात काय, तर भाषाधोरण!

आम्हालाही दोष आहे, मान्य. इंग्रजी शाळेत आम्हीच घातलं पोरांना, ज्याला त्याला नोकरीची भीती. पण तेही लिहा ना तुमच्या प्रबंधात! ते लिहायचं तर टिकमार्क पुरत नाही, दोन तास बसावं लागतं, ऐकावं लागतं. बडोद्याला भाषा-अभ्यासक गणेश देवींनी 1996 ला ‘भाषा’ नावाची संस्था सुरू केली, पुढे त्यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात 780 भाषांची नोंद झाली. त्यात बोलणाऱ्यांनाच लिहितं केलं होतं. म्हणजे जमतं. तुम्हाला करायचं नाही, एवढंच.

तुमचा पेपर कुठल्यातरी परदेशी जर्नलमध्ये येईल, वाचायला डॉलर पडतील, आमच्या सासूबाई त्यात एखादा नंबर होऊन बसतील आणि त्यांना ते कधी कळणारही नाही. जाताना त्यांनी दोघांना घरचे बेसनाचे लाडू बांधून दिले आणि मुलीला विचारलं, ‘हे छापून आलं की पाठवशील ना, मराठीत?’ ती ‘शुअर आजी’ म्हणाली. पण पत्ता घेतला नाही. तुमच्या फॉर्ममध्ये पत्त्याचा रकाना होता, मी बघितलाय, आमच्या फॉर्ममध्ये तो रिकामा सोडलाय. तो आधी भरा. आणि मराठीत दोन पानं लिहायला तुमच्या गाइडची परवानगी लागत असेल तर गाइडचा नंबर द्या, मी बोलते.