जिन्याखालची भुतं

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या जिन्याखाली चार भुतं राहतात. त्यांची तब्येत मी सांभाळतो. एखादं मेलं तर पहाटे उठून त्याला परत उभं करतो. मोबदला म्हणून वार्षिक सभेत 'आपले कॉम्प्युटरवाले' असा उल्लेख होतो आणि इतरांइतकाच एक बटाटावडा मिळतो.

भूत हा शब्द मी आणलेला नाही. पडद्यावर न दिसता मागच्या मागे राबणाऱ्या प्रोग्रामला इंग्रजीत डीमनच म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅक या कॉम्प्युटर प्रकल्पातल्या मंडळींनी हे नाव उचललं ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतल्या 'डीमन' नावाच्या एका प्राण्यावरून. तो म्हणे डबीच्या दाराशी बसून चपळ रेणू इकडे आणि मंद रेणू तिकडे असे अखंड निवडत असतो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तांदूळ निवडतो तसं? मग त्यात भुताचं काय? ते मी रोज करते."

आई मालवणकडची असल्यामुळे भुतांच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरी अंतिम असतो.

तर ही चार भुतं मला वारसाहक्काने मिळाली. टाकीतलं पाणी मोजून सगळ्यांना मेसेज पाठवणारं भूत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलं, मार्क मिळाले आणि तो बंगलोरला गेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही नोडमध्ये (म्हणजे जावास्क्रिप्ट भाषा चालवणारा प्रोग्राम), एमएसला जाण्याआधी बी विंगमधल्या मुलीने लिहिलेली. मेंटेनन्सची बिलं जावामध्ये, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन आणि जावा एकाच वर्षी उरकलं. मोटर चालू-बंद करणारं 'गो' नावाच्या भाषेत. ते कुणा भाडेकरूने लिहिलं म्हणतात. कुठली भाषा असावी यावर कमिटीत कधी ठराव झाला नाही. पार्किंगवर चार वर्षं चर्चा झाली, भाषेवर चार मिनिटंही नाही.

या सगळ्यांवर एक वेताळ आहे. त्याचं नाव सिस्टमडी, शेवटचा डी डीमनचा. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि काई सीव्हर्स या प्रोग्रामरांनी तो जन्माला घातला आणि आता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या बहुतेक मशीनांत सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत पहिला क्रमांक त्याचाच असतो. मशीन सुरू झालं की आधी वेताळ उठतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. एखादा प्रोग्राम मेला की त्याच्या जन्मदात्याने, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, येऊन त्याची नोंद मिटवायची असते. नाही मिटवली तर तो मेलेला प्रोग्राम यादीत तसाच लटकतो. त्याला झोंबी म्हणतात आणि त्याला पुन्हा मारता येत नाही, मेलेल्याला काय मारणार? जन्मदाताच आधी गेला असेल तर अनाथ पोरं वेताळाकडे येतात आणि त्यांचं क्रियाकर्म तो करतो. यावर मात्र आईने मान डोलावली. "पिंड नाही दिला की लटकायचंच," ती म्हणाली, "यात नवीन काय शोधलं त्यांनी?"

मागच्या महिन्यात एका रविवारी पहाटे सहाला फोन वाजला. सेक्रेटरी काका पुण्याहून बोलत होते, नातीचं बारसं होतं.

"अरे, पाणी नाहीये म्हणतात सगळे. रात्री लाइट गेली होती ना?"

"काका, वॉचमनला सांगा ना, मोटर हाताने लावेल."

"पॅनलची किल्ली माझ्या खिशात आहे." मग थोडं थांबून, "पुण्यात."

बर्मुडा घालून खाली गेलो. जिन्याखाली मीटरबोर्डाच्या शेजारी, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे आमचा डेस्कटॉप असतो. लाइट आली की तो आपोआप सुरू होतो, एवढं शहाणपण कुणीतरी करून ठेवलं आहे. की-बोर्डची एंटर की दोनदा दाबावी लागते. पाहतो तर मशीन सुरू, वेताळ जागा आणि भुतं एकूण एक आडवी. वेताळाकडे दोन वेगवेगळे हुकूम असतात. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता ऊठ. 'एनेबल' म्हणजे यापुढे मशीन उठलं की तूही ऊठ. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणीतरी फक्त 'स्टार्ट' म्हणत आलं होतं.

पाणी महत्त्वाचं म्हणून आधी मोटरवाल्या गोला 'स्टार्ट' म्हटलं. अख्खं भूत एका फाइलमध्ये मावलेलं, कुणाकडे काही मागत नाही. बाहेर मोटर घरघरली. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नोडला 'स्टार्ट' म्हटलं. वेताळ म्हणाला २०३, म्हणजे चालवायचं म्हणता ती वस्तूच सापडत नाही. मी हाताने चालवलं तर छान चाललं. वेताळाला सांगितलं, पुन्हा २०३. अर्ध्या तासाने उजेड पडला. मुलीने नोड स्वतःच्या फोल्डरमध्ये, एका लपवलेल्या कप्प्यात बसवला होता. तिच्या खात्यात शिरलं की तो कप्पा आपोआप सापडतो, पण वेताळ असा घरात शिरत नाही. त्याला दारावरचा पूर्ण पत्ता लागतो, अगदी 'पिंपळाच्या समोर' इथपर्यंत. शिवाय पाच प्रयत्न दहा सेकंदांत फसले की तो सहावा करतच नाही, वर 'फार घाईने विचारताय' असं ऐकवतो. हा बाणेदारपणा मला ठाणे स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर कधी जमलेला नाही.

पत्ता लिहिला, नोड उठला. एक सेटिंग बदलायचं राहिलं म्हणून त्याला थांबायला सांगितलं, तर तो निघेना. 'दारात कुणीतरी बोलतंय, त्यांचं होऊ दे' असं त्याच्या पोटात लिहिलेलं. आमच्याकडचे पाहुणे 'येतो हं' म्हणून लिफ्टचं दार धरून उभे राहतात, तसं. वेताळ नव्वद सेकंद वाट पाहतो आणि मग मानगूट धरतो. हा नियम घरी लागू करता येईल का, असं मी बायकोला नंतर विचारलं. तिने माझ्या मावशीचं नाव घेतलं, मी विषय बदलला.

पायथन उठला, पण बोलेना. लॉग, म्हणजे त्याच्या बोलण्याची नोंद, कोरा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अक्षर नाही. अडकला असेल म्हणून मी त्याला मारून पुन्हा उठवला, असं तीनदा केलं. खरं तर तो पहिल्यापासून ठणठणीत होता. समोर पडदा नसेल तर पायथन बोललेलं लगेच बाहेर टाकत नाही, ८१९२ बाइट साठले की एकदम ओततो. 'टाकी भरली' ही ओळ होते २६ बाइटची. म्हणजे टाकी तीनशे सोळाव्यांदा भरल्यावर मला लॉगमध्ये पहिल्यांदा कळणार होतं. आणि मी मारलं तेव्हा पोटातलं सगळं पोटात घेऊनच बिचारा गेला, तीनही वेळा. 'साठवू नकोस' अशी एक ओळ त्याच्या फाइलीत घातली आणि तो धबधब्यासारखा बोलायला लागला.

एव्हाना जावावाले काका मागे येऊन उभे होते, हातात चहाचा कप, स्वतःचा. त्यांचा प्रोग्राम मी चालू करून बंद करून पाहिला. तो सभ्यपणे थांबला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, 'फेल्ड'.

"फेल? माझा?" काकांचा कप बशीवर वाजला. "अरे, ब्रँचमध्ये माझा ताळेबंद कधी एका पैशाने चुकला नाही."

मी समजावलं. थांबण्याच्या इशाऱ्याचा नंबर १५. तो मिळाला की जावा सगळं आवरतो आणि जाताना १२८ अधिक १५, म्हणजे १४३ असं सांगून जातो. वेताळाला शून्य ऐकायची सवय; शून्य नाही म्हणजे नापास.

"मग त्याला सांग ना, १४३ म्हणजे पास!"

सांगता येतं, तशी ओळच असते. ती घातली. काकांनी तीनदा बंद-चालू करायला लावून खात्री केली आणि मग हिरवा ठिपका दाखवायला काकूंना खाली बोलावलं.

साडेआठ वाजले होते. नोडला 'एनेबल' म्हटलं, पायथनला म्हटलं, जावाला काकांनी स्वतः एंटर दोनदा दाबून म्हटलं. वर आलो. पाणी होतं, आंघोळ केली, पोहे खाल्ले.

पुढच्या शनिवारी दुपारी दुरुस्तीसाठी तासभर लाइट गेली आणि आली. रविवारी पहाटे पावणेसहाला फोन किणकिणला. पायथनचा मेसेज होता, अगदी वेळेवर, एक अक्षर पोटात न ठेवता: 'टाकी रिकामी.'

नोंदवही चालू होती. बिलं चालू होती. बर्मुडा शोधता शोधता मी आठवत होतो, गोला आपण 'एनेबल' म्हटलं होतं का?