दलाली तोंडी ठरवू नका हो!

किती वेळा सांगायचं? घर विकताना ‘दोन टक्के’ म्हणजे नक्की काय? फक्त विकणाऱ्याकडून, की दोन्ही बाजूंकडून? कर धरून की वेगळा? टोकन आल्यावर द्यायचे की खरेदीखत नोंदल्यावर? यातलं काहीच लिहून घेत नाहीत आणि ऐन नोंदणीच्या दिवशी भांडण! वर दलालाचा ‘भाव जरा सोडा’ हा आग्रह. अहो, गणित बघा: भाव 5 टक्क्यांनी उतरला तर दोन टक्केवाल्या दलालाचं नुकसान मूळ किमतीच्या जेमतेम 0.1 टक्का. बाकी सगळं मालकाच्या अंगावर. मग दलालाला सौदा उरकण्याची घाई असणारच. आणि एकाच दलालाला घर देताय तर मुदत लिहाच. मुदतीनंतरही त्याने आणलेल्या गिऱ्हाइकावर दलाली लागेल, असं कलम अनेकदा असतं. ते सहीआधी वाचा ना!